प्रसाद आणि प्रासादिकता : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील कृपादान-विचार

१

कोल्हापुरात राहून ज्यांनी मराठी वाङ्मयाची सेवा केली, त्यांत ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांची नावे जोडीने घेतली जातात. आणि ती घेताना 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' या वादाची आठवण हटकून होते. त्या वादाचा निकाल येथे लावावयाचा नाही. मात्र दोन्ही पक्षांनी जी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, तिच्याकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. प्रतिभा ही लेखकाच्या मालकीची वस्तू होय, हे ते गृहीत. तिचा विनियोग सौंदर्यनिर्मितीसाठी व्हावा असे एका पक्षाचे म्हणणे, तो समाजासाठी व्हावा असे दुसऱ्याचे. विनियोगाविषयी मतभेद होता, मालकाविषयी नव्हता.

मराठीत या प्रश्नाला तिसरे एक उत्तर फार पूर्वीपासून आहे. माणसाच्या ठायी जी काही शक्ती आढळते, ती वाणीची असो, रोग बरा करण्याची असो, शिकविण्याची असो वा व्यवस्था ठेवण्याची असो, ती त्याची नव्हेच. ती त्याच्याकडे इतरांसाठी ठेव म्हणून दिलेली आहे, असे हे उत्तर आहे. ख्रिस्ती धर्मविचारात या ठेवीस 'कृपादान' किंवा 'आध्यात्मिक दान' असे म्हणतात. आपल्या अभ्यासक्रमांत फादर स्टीफन्स प्राचीन वाङ्मयाच्या इतिहासात येतात, रेव्हरंड टिळक अर्वाचीन कवितेत, लक्ष्मीबाई आत्मचरित्रात आणि पंडिता रमाबाई समाजसुधारणेच्या प्रकरणात. या चौघांना एकत्र बांधणारा विचार कोणता, असा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचार कृपादानाचा होय, आणि त्याची मराठीतील खरी कसोटी 'प्रसाद' या एका शब्दात सापडते, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'खारिस्मा' असा आहे. 'खारिस' म्हणजे कृपा. त्या कृपेचे जे प्रत्यक्ष फळ हाती पडते ते 'खारिस्मा'. हा शब्द मराठीत आणताना भाषांतरकारांपुढे अनेक पर्याय होते, आणि प्रत्येक पर्यायाला आपापला इतिहास होता.

'सिद्धी' हा शब्द घ्यावा, तर ती साधनेने कमवावी लागते आणि ज्याने कमावली त्याच्याच नावावर जमा होते. शिवाय आपल्या संतांनी सिद्धींकडे परमार्थाच्या वाटेतील अडथळा म्हणूनच पाहिले आहे. 'वरदान' घ्यावे, तर ते तपाचे फळ, आणि पुराणांतील वर तर बहुधा मागणाऱ्याच्याच अंगाशी आलेले. 'दान' हा शब्द अधिक सरळ. परंतु आपल्याकडे दानाबरोबर दात्याचे पुण्य आणि घेणाऱ्याची पात्रता या दोन कल्पना चिकटून येतात. दान देणारा वर आणि घेणारा खाली, ही पायरी त्या शब्दातून सहजासहजी पुसली जात नाही. 'कृपादान' या सामासिक शब्दाने पात्रतेचा प्रश्न मिटतो, कारण कृपा ही पात्रता पाहून होत नाही. परंतु मिळालेल्या वस्तूचे पुढे काय करावयाचे, हे त्या शब्दातून कळत नाही.

ते ज्या शब्दातून कळते तो शब्द 'प्रसाद' हा होय. अंबाबाईच्या देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात प्रसाद असतो, आणि घरी पोहोचताच तो चार जणांना वाटावयाचा असतो, हे कोल्हापुरात कोणास सांगावे लागत नाही. प्रसाद कमावलेला नसतो आणि एकट्याने खावयाचाही नसतो. तो घेणाऱ्याने डोळ्यांना लावून पुढे द्यावयाचा, एवढाच त्याचा विधी. प्रसादाचा व्यवहार करणारा माणूस दाता होत नाही. तो मधला माणूस राहतो.

हा केवळ देवळातला आचार नव्हे. मराठी वाङ्मयाच्या आरंभीच तो उच्चारला गेला आहे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी जे मागणे आहे, त्याचे नावच 'पसायदान'. 'पसाय' हे 'प्रसाद' याचेच रूप. तेथे दान मागितले आहे ते ज्ञानदेवांनी स्वतःच्या नावाने. पण त्या दानाचा तपशील वाचला म्हणजे तो सगळा इतरांच्या कल्याणाचा आहे असे दिसते. ख्रिस्ती कृपादान आणि ज्ञानदेवांचे पसायदान यांची तत्त्वभूमी एक आहे, असा दावा येथे करावयाचा नाही. परंतु ख्रिस्ती लेखक जेव्हा मराठीत आले, तेव्हा या कल्पनेसाठी मराठी मनात जागा तयार होती, एवढे निश्चित.

'प्रसाद' शब्दाला आणखीही एक अर्थ आहे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकास तो विशेष जवळचा आहे. मम्मटाने सांगितलेल्या तीन काव्यगुणांपैकी माधुर्य आणि ओज यांचा संबंध ठराविक रसांशी. प्रसाद मात्र सर्व रसांत हवा. वाळलेल्या सरपणात विस्तव पसरावा, तसा अर्थ वाचकाच्या चित्तात तत्काळ पसरतो तेव्हा त्या रचनेत प्रसादगुण आहे असे मानावयाचे. मराठीत 'प्रासादिक' हे विशेषण आपण याच अर्थाने योजतो. एकाच शब्दाने ईश्वरी कृपा आणि अर्थाची स्वच्छता या दोन्ही गोष्टी सांगाव्यात, हा योगायोग नव्हे असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३

कृपादानांची चर्चा मुख्यतः संत पौलाच्या पत्रांत आहे. इ. स. ५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे बारावे ते चौदावे अध्याय हे तिचे मूळ ठिकाण. त्या मंडळीत एक वाद माजला होता. भावावस्थेत अनोळखी भाषेत बोलू लागणाऱ्या माणसांस इतरांहून श्रेष्ठ मानले जाऊ लागले होते. जोतिबाच्या डोंगरावर किंवा यल्लम्माच्या जत्रेत 'अंगात येणे' पाहिलेल्या वाचकास करिंथ येथील दृश्य समजावयास फारसे कठीण जाऊ नये. ज्याच्या अंगात येते त्याच्याभोवती लोक जमतात. जो त्या गर्दीला पाणी देतो त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

पौलाने या प्रकाराचा निषेध केला नाही. त्याने मोजमाप बदलले. ज्यांना करिंथकर 'आत्मिक' गोष्टी म्हणत, त्यांच्यासाठी त्याने चर्चेच्या प्रारंभीच 'खारिस्मा' हा शब्द आणला, म्हणजे पराक्रमाच्या जागी कृपा ठेवली. मग त्याने शरीराचा दृष्टांत दिला: डोळ्याने हाताला नको म्हणता येत नाही, आणि जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक आवश्यक असतात. आणि शेवटी कसोटी सांगितली ती ऐकणाऱ्याच्या बाजूची. न समजणारी हजारो वाक्ये बोलण्यापेक्षा समजणारी चार-पाच बोलावीत. आणि अर्थ सांगणारा कोणी नसेल तर अनोळखी भाषेत बोलणाऱ्याने सभेत गप्प बसावे. या दोहोंच्या मध्ये त्याने प्रीतीवरचा तेरावा अध्याय घातला आहे. तो स्वतंत्र स्तोत्र म्हणून गायिला जातो. परंतु आपल्या जागी तो या वादाचा निर्णय आहे.

पौलाच्या याद्यांत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. रोग बरे करणे, चमत्कार, संदेश देणे यांच्याच ओळीत 'साहाय्य करणे' आणि 'कारभार चालविणे' यांनाही त्याने कृपादान म्हटले आहे. कारभारासाठी योजलेला ग्रीक शब्द नावेचे सुकाणू धरण्यावरून आला आहे. रोमकरांस पत्रात दया करणे आणि उदारपणे देणे हीही या यादीत येतात. म्हणजे विलक्षण आणि साधारण असा भेद त्याने पुसून टाकला आहे.

कमावलेले कौशल्य कृपादान म्हणावे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. आपल्या काव्यशास्त्रात तो जुनाच आहे. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन मिळून काव्याचा एकच हेतू सांगितला. त्यांना वेगळे होऊ दिले नाही. आमच्या परिसरात याचे उदाहरण वैद्यकाच्या क्षेत्रात सापडते. इ. स. १८५२ मध्ये रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरास आले, तेव्हापासून या भागात ख्रिस्ती कार्यास प्रारंभ झाला. त्याच कार्याच्या विस्तारात पुढे विल्यम वॉनलेस हे डॉक्टर आले, आणि १८९४ मध्ये मिरज येथील रुग्णालय उभे राहिले. वॉनलेस यांची ख्याती शस्त्रवैद्य म्हणून होती. पौलाच्या यादीतील 'बरे करण्याचे दान' आणि शस्त्रक्रियेचे शिक्षण यांत काही भाविकांस विरोध वाटतो. परंतु वॉनलेस यांनी स्थानिक तरुणांस वैद्यकीय शिक्षण देण्याची सोय केली, ही गोष्ट येथे निर्णायक आहे. चमत्कार शिकविता येत नाही. तो करणाऱ्याबरोबर संपतो. अभ्यासाने मिळविलेली शक्ती वाटता येते. प्रसादाच्या कसोटीने पाहिल्यास अभ्यास हा कृपेचा प्रतिस्पर्धी ठरत नाही. वाटण्याचे ते साधन ठरते.

४

हीच कसोटी आता वाङ्मयास लावून पाहू. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. परकीयाने मराठी ओवी आत्मसात केली, याचे कौतुक आपण नेहमीच करतो. परंतु हे कौतुक बहुधा भाषाप्रभुत्वाचे असते, आणि त्यामुळे स्टीफन्स यांनी स्वतः ज्या गोष्टीला महत्त्व दिले ती बाजूला पडते. ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत त्यांनी असे सांगितले आहे की, शुद्ध मराठी शब्द सामान्य लोकांस कळत नाहीत, म्हणून पूर्वीच्या कवींची रीत काही अंशी सोडून तेथील बोलीचे सोपे शब्द त्यांनी मिसळले.

हे विधान वाङ्मयीन तसेच धार्मिकही आहे. ज्याच्या अंगी अनेक भाषांची विद्या आहे, त्याने ती दाखवावयाची नाही. ऐकणारा जेथे उभा आहे तेथपर्यंत ती खाली आणावयाची. ख्रिस्तपुराणाचे ज्या भागांत आजही वाचन रुचते, ते भाग याच वृत्तीचे आहेत. जेथे सिद्धांतांची मांडणी अनिवार्य झाली आहे तेथे ओवी जड होते; जेथे माता, बालक, वाट, पाणी, झाडे यांचे वर्णन आहे तेथे ती मोकळी वाहते. तथापि एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. ज्या सत्तेच्या छायेत हे पुराण लिहिले गेले, तिने त्याच प्रदेशातील जुनी देवळे पाडली होती. श्रोत्यापर्यंत खाली येणारा कवी आणि श्रोत्यावर वरून आलेली सत्ता, असे हे द्वंद्व आहे. ग्रंथाच्या प्रासादिकतेने ते मिटत नाही.

५

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत प्रश्न अधिक तीव्र होतो. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येस १८७८ मध्ये कलकत्त्यास 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या, त्या संस्कृत विद्वत्तेच्या बळावर. पुढे १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ मध्ये शारदासदन काढले आणि दुष्काळात सापडलेल्या मुली-स्त्रियांना केडगाव येथील मुक्तिसदनात आश्रय दिला. १९०५ मध्ये तेथे जी आध्यात्मिक जागृती झाली, तिच्या वार्ता साऱ्या ख्रिस्ती जगात पसरल्या. मुली तासन्‌तास प्रार्थना करीत, रडत. काहींना अनोळखी भाषेत बोलण्याचा अनुभव आला.

त्या घटनेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु पौलाच्याच कसोटीने पाहता मुक्तिसदनातील मोठे कृपादान तेथे नसून, जे वर्षानुवर्षे गाजावाजा न होता चालले होते त्यात आहे. सुमारे दोन हजार जीवांचे जेवण, कपडे, औषधपाणी. माग आणि शेती. अंध मुलींना बोटांनी वाचावयास शिकविणे. स्त्रियांनीच चालविलेला छापखाना: हे सारे 'साहाय्य' आणि 'कारभार' या दोन दुर्लक्षित दानांचे रूप होय. ज्या मुलींना घरात आणि गावात कोणी मोजले नव्हते, त्यांच्या हातांत काही दान आहे असे येथे कोणीतरी गृहीत धरले. सेवेचा खरा अर्थ येथे उलगडतो. दुसऱ्यासाठी काही करणे एवढ्याने सेवा पुरी होत नाही. दुसऱ्याच्या ठायी असलेले दान ओळखून त्याला वाव देणे हीच तिची पूर्तता होय.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले मराठी भाषांतर. १९२२ मध्ये त्या वारल्या. भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळावे म्हणून संस्कृत शब्दांचा त्याग, असा त्यांचा संकल्प होता. संस्कृताच्या पंडितेने संस्कृतच बाजूला ठेवावे, याहून मोठा वाङ्मयीन त्याग कोणता असेल! परंतु समीक्षकाने येथे भक्तिभावाने थांबू नये. तत्सम शब्द टाळण्यामागे दुसरेही एक कारण होते: त्या शब्दांबरोबर येणारे हिंदू दर्शनांचे अर्थ त्यांना नको होते. त्याच जोडीला मुळाशी शब्दशः प्रामाणिक राहण्याचा कटाक्ष होता. पहिला हेतू श्रोत्याच्या सोयीचा, उरलेले दोन सिद्धांताच्या शुद्धतेचे. जेथे पहिला हेतू प्रभावी ठरतो तेथे वाक्य बोलके होते. जेथे दुसरे दोन वरचढ होतात तेथे शब्द साधे असूनही वाक्य परके वाटते. मंडळ्यांच्या उपासनेत बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले, याची कारणे अनेक असतील. तथापि साधा शब्द आणि प्रासादिक वाक्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्यात आहे.

६

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्याविषयी आपल्या समीक्षेने एक सोयीची विभागणी करून ठेवली आहे. 'फुलामुलांचे कवी' टिळक आपले. उपासनासंगीतातील टिळक ख्रिस्ती मंडळींचे. 'केवढे हे क्रौर्य!' आपण शाळेत शिकविले, आणि भजनांकडे पाठ फिरविली. ही विभागणी टिळकांच्या स्वतःच्या विचारास सर्वस्वी सोडून आहे. जखमी पक्षिणीविषयीची करुणा आणि ख्रिस्ताविषयीची भक्ती त्यांच्या ठायी एकाच उगमातून आल्या. वाणी ही आपणांस वाटण्यासाठी मिळाली आहे, ही जाणीव दोन्हींच्या मुळाशी आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची भावना होती. आणि ज्या तुकोबांना कवित्व हे स्वप्नात नामदेवांकडून सोपविलेले काम वाटले, त्यांच्याकडून प्रतिभेचा हा अर्थ टिळकांनी घेतला असल्यास नवल नाही.

मंडळीच्या उपासनेत इंग्रजी चालींवर बेतलेली गीते प्रचारात असताना टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले, ते या दृष्टीने पाहावे. लोकांना आपल्याच सुरात प्रार्थना करता यावी, एवढाच तो आग्रह होता. आणि दुसऱ्याचे दान ओळखण्याची शक्तीही त्यांच्यात होती. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात ज्यांना 'बालकवी' हे नाव मिळाले, त्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना टिळकांनी पुढे अहमदनगरला आपल्या घरी ठेवून घेतले. बालकवींच्या कवितेत धर्मप्रचाराचा अंशही नाही, आणि टिळकांनी तो मागितला असे कोठे दिसत नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' उभारण्याचा प्रयत्न केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते. पगार आणि दान यांतील विसंगती त्यांना जाणवली असावी, असा तर्क करावयास जागा आहे.

परंतु टिळकांची सर्वांत मोठी परीक्षा त्यांच्या घरातच झाली. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी आरंभिले, थोडे अध्याय लिहिले आणि ते वारले. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. ज्या स्त्रीला अक्षरओळख लग्नानंतर, तीही तुटक-तुटक झाली, तिने पतीच्या महाकाव्याचा बहुतेक सारा भार उचलला. ही निष्ठा वंदनीय आहे. पण काव्य म्हणून 'ख्रिस्तायन' असमान आहे, हे मान्य केले पाहिजे. तेथे लक्ष्मीबाई दुसऱ्याचे दान पुरे करीत आहेत. त्यांचे स्वतःचे दान निराळे होते, आणि ते १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त प्रकट झाले. सोवळ्याओवळ्याच्या खुळाने छळलेले घर, धर्मांतराने झालेली ताटातूट, पुन्हा जुळलेला संसार, पोरक्या मुलांना घातलेली पाखर. हे सारे त्या ज्या बोलीत सांगतात, तिच्यात उपदेशाचा सूर चढत नाही आणि स्वतःवरचे हसू कधी आटत नाही. मम्मटाच्या सरपणाची उपमा आधुनिक मराठी गद्यात कोठे लागू पडत असेल तर ती येथे.

लक्ष्मीबाईंना ही शक्ती आयुष्याच्या अखेरीस सापडली, यात दैवाचा भाग किती आणि आपण वाङ्मयीन शक्ती कोठे शोधतो याचा किती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. व्युत्पत्ती हीच प्रतिभेची खूण मानणाऱ्या समाजात स्वयंपाकघरातील बोली हे कोणास दान वाटत नाही. पौलाने दुबळ्या दिसणाऱ्या अवयवांविषयी जे म्हटले, ते वाङ्मयाच्या इतिहासालाही लागू आहे.

७

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. प्रतिभा जर इतरांच्या सेवेसाठीच असेल, तर काव्य प्रचाराचे दास होणार नाही काय? भीती निराधार नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या कपाटात अशा दासकाव्याचे ढीग आहेत. परंतु ते वाङ्मय का फसले, हे पाहिले म्हणजे आक्षेपाचे उत्तर मिळते. त्या लेखकांनी श्रोत्याची सेवा फार केली म्हणून ते फसले नाहीत. श्रोत्याला न पाहता स्वतःच्या निष्कर्षाची सेवा केली म्हणून फसले. भाषांतराच्या वळणाची ती मराठी कोणाच्याच घरात बोलली जात नव्हती. प्रसाद वाटणारा घेणाऱ्याची मान वाकवून तोंडात कोंबत नाही; ओंजळ पुढे येण्याची वाट पाहतो. उपयुक्तता आणि उपदेश यांत जे अंतर आहे, तेच प्रसाद आणि प्रचार यांत आहे.

फडके-खांडेकर वादाकडे या ठिकाणाहून परत पाहता येते. कला कोणासाठी, हा प्रश्न दुय्यम ठरतो. कला कोणाची, हा पहिला. ती आपली नाही असे ज्याने मानले, त्याला सौंदर्यात कसूर करण्याची मुभा राहत नाही, कारण परक्याची ठेव मळवून परत करता येत नाही. आणि ती स्वतःपाशी दडवून ठेवण्याचीही मुभा राहत नाही.

पौलाच्या यादीत आणखी दोन दाने आहेत, ज्यांचा उल्लेख येथवर केला नाही: आत्म्यांची पारख करणे आणि अनोळखी वाणीचा अर्थ सांगणे. विद्यापीठातील वाङ्मयाभ्यासकाचे काम याहून फारसे निराळे नाही. अर्थ सांगणारा नसेल तर वाणीने गप्प बसावे, असे त्या पत्रात आहे. पण अर्थ सांगणाराच जर अनोळखी भाषेत बोलू लागला तर काय करावे, हे पौलाने सांगितलेले नाही. ती जबाबदारी आपली आपणच ओळखावयाची आहे.